राणीछाप रुपया आणि संगमरवरी राणी

इ. स. पू. ३० मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात गेल्यावर ऑगस्टस या परक्या सत्ताधीशाचे रूप प्रजेपुढे कसे मांडायचे, हा प्रश्न तेथील मंदिरांच्या पुरोहितांनी आपल्या जुन्या शिरस्त्यानेच सोडवला. डेंडूरच्या देवळाच्या भिंतींवर कोरलेला ऑगस्टस रोमन झग्यात नाही; डोक्यावर फेरोचा मुकुट आणि कमरेला आखूड वस्त्र अशा वेशात तो इसिस देवीला नैवेद्य अर्पण करतो. राजाचे नाव ज्या लंबगोल चौकटीत लिहीत, तिला कार्टूश म्हणतात, आणि त्या चौकटीत रोमन सम्राटांची नावे व पदव्या चित्रलिपीत बसवण्याची ही प्रथा इतकी चिवट ठरली, की एस्ना येथील देवळात तिसऱ्या शतकातील डेशियसपर्यंतचे सम्राट फेरोच्याच थाटात उभे आहेत. यांपैकी बहुतेकांनी ते देऊळ कधी पाहिलेही नव्हते.

साम्राज्याला परक्या मुलखात आपला चेहरा दाखवताना तेथील वेश घ्यायचा की आपलाच मिरवायचा, यांतून निवड करावी लागते, आणि मुंबईत ब्रिटिशांनी ही निवड नाण्यावर एका तऱ्हेने, तर पुतळ्यावर अगदी उलट तऱ्हेने केली. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत इंग्लंडच्या राजाच्या नावाची नाणी पाडून पाहिली. पण मुंबईबाहेरच्या बाजारात ती फारशी कोणी घेईना, म्हणून १७१७ साली बादशहा फर्रुखसियरकडून परवानगी मिळवून मुंबईच्या टाकसाळीत मोगल बादशहाच्या नावाचा, फारसी अक्षरांचा रुपया पाडला जाऊ लागला. व्यापाऱ्याने येथे पुरोहिताचीच युक्ती वापरली, असे म्हणावे लागते. रुपयावर इंग्रज राजाचा, म्हणजे चौथ्या विल्यमचा, मुखवटा उमटला तो थेट १८३५ साली, आणि तेव्हाही मागच्या बाजूला फारसी मजकूर ठेवावा लागला. त्यानंतर १८६२ पासून डोक्यावर मुकुट आणि अंगावर भरजरी वस्त्र असलेली व्हिक्टोरिया नाण्यावर आली, आणि १८७७ पासून तिच्या नावापुढे सम्राज्ञी हे पद लागले. हाच तो राणीछाप रुपया. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा असल्याने सराफाच्या तराजूत तो वजन म्हणूनही चालत असे. साम्राज्याची इतकी घरोघर पोहोचलेली दुसरी प्रतिमा झाली नाही. तरीही प्रजेची नजर किती बारीक असते, हे १९११ च्या रुपयाने दाखवून दिले. पंचम जॉर्जच्या अंगरख्यावरील साखळीत कोरलेला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो, अशी मुसलमान प्रजेची तक्रार झाली, तेव्हा सरकारला दुसऱ्याच वर्षी नक्षी बदलून हत्तीची सोंड ठळक करावी लागली.

पुतळ्यांच्या बाबतीत मात्र अशी तडजोड झाली नाही. मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला, उंच गॉथिक छत्रीखाली सिंहासनावर बसलेल्या व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा १८७२ साली कोटाच्या भागात उभा राहिला. युवराज एडवर्डचा जोसेफ बोहम याने घडवलेला अश्वारूढ पुतळा १८७९ साली आला; लोक त्याला काळा घोडा म्हणू लागले. दोन्हींत शिल्पकार परका, शैली परकी, वेशही परका. पैसा मात्र येथला. राणीचा खर्च बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी उचलला आणि युवराजाचा अल्बर्ट ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याने. सम्राटाचे रूप पुष्कळदा त्याच्या मर्जीसाठी झटणारेच घडवून घेतात, आणि याबाबतीत बडोद्याचा राजवाडा व डेंडूरचे देऊळ यांच्यात फारसे अंतर नाही. फरक एवढाच, की पुरोहिताने सम्राटाला आपल्या देवीपुढे हात जोडायला लावले, तर मुंबईच्या देणगीदारांनी राणीला प्रजेच्या डोक्यावर नेऊन बसवले.

तसे बसवल्यामुळेच ती निषेधाचे सोपे लक्ष्य झाली. १८९६ साली दामोदर आणि बाळकृष्ण या चापेकर बंधूंनी रात्री या पुतळ्याला डांबर फासून गळ्यात जोड्यांची माळ घातली. पुढच्याच वर्षी राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, २२ जून १८९७ रोजी, पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्यावर याच चापेकरांनी गोळ्या झाडल्या. संगमरवर सच्छिद्र असतो, डांबर त्यात मुरते, खरवडले तर कोरीवकाम जाते आणि आम्ल वापरले तर दगडच विरघळतो, त्यामुळे तो डाग काढणे मोठे जिकिरीचे काम होते. ते करून दाखवले प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी, म्हणजे गिरगाव चौपाटीवरील विल्सन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका देशी अध्यापकाने. गज्जरांच्या या कौशल्याला राजनिष्ठा म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. देशी रसायन-उद्योगाच्या उभारणीत त्यांचा व त्यांच्या शिष्यांचा वाटा मोठा आहे.

त्याच चौपाटीवर १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांवर अंत्यसंस्कार झाले, आणि पुढे तेथे र. कृ. फडके यांनी घडवलेला टिळकांचा पुतळा उभा राहिला. पुतळा उभारण्याची रीत साहेबाचीच, पण घडवणारा हात आणि घडलेली व्यक्ती दोन्ही येथली. दरम्यान जे. जे. कलाशाळेत तयार झालेले गणपतराव म्हात्रे पंचम जॉर्जचा पुतळा घडवत होते. तो गेटवे ऑफ इंडियासमोरून हलला आणि १९६१ साली त्या जागी अश्वारूढ छत्रपती शिवाजी महाराज आले. काळ्या घोड्यासह इतर राजपुतळे १९६५ साली रस्त्यांवरून उतरवले गेले. २०१७ साली काळा घोडा चौकात नवा घोडा बसवण्यात आला, त्यावर स्वार नाही.

डांबर सोसलेली राणी आज भायखळ्याला, राणीच्या बागेशेजारी, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे, आणि नाण्यांसाठी फोर्टातील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे. जिज्ञासू वाचकाने आधी नाणी पाहावीत आणि मग पुतळा. साम्राज्याने कोठे नमते घेतले आणि कोठे नाही, हे त्या क्रमाने चटकन लक्षात येते.