कानातल्या खड्यावरून मासा

घोळ, कोथ किंवा ढोमा यांचे डोके फोडले की दोन टणक पांढरे खडे हाती लागतात, हे किनाऱ्यावर कोणाला सांगायला नको. लहानमोठे असे खडे जवळपास प्रत्येक अस्थिमत्स्याच्या कानात असतात. एकूण तीन जोड्या. त्यांतली सॅजिटा नावाची जोडी बहुतेक कुळांत सर्वांत मोठी. तोल सांभाळणे आणि ऐकणे ही त्यांची कामे. मासा मेल्यावर सांगाडा कुजून विस्कटतो, पण अ‍ॅरॅगोनाइट या खनिजाचा हा खडा, म्हणजे कर्णाश्म, चिखलात रुततो आणि आम्लधर्मी पाण्याने विरघळला नाही तर कोट्यवधी वर्षे टिकतो. पुराजीवशास्त्रज्ञ माती धुऊन, बारीक चाळणीतून गाळून तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. अशा खड्यावरून, बाकीचा मासा न पाहता, नवी प्रजाती जाहीर करावी का? माझ्या मते जरूर करावी. मात्र खड्याचा कोणता भाग विश्वासाचा आणि कोणता फसवा, हे आधी कळायला हवे.

विश्वासाचा भाग म्हणजे आतल्या बाजूची पन्हळ. संवेदी पेशींचा पट्टा तिथेच बसतो, त्यामुळे तिची घडण कानाच्या रचनेशी बांधलेली असते. तिचा पुढचा भाग ऑस्टियम, मागचा कॉडा. घोळीच्या कुळात ऑस्टियम चांगले रुंद आणि कॉडा खाली वळलेला असतो. ही ठेवण एकदा नजरेत बसली की जीवाश्मातही चुकत नाही. कडेची बाह्यरेषा तितकी भरवशाची नाही. वय वाढेल तशी ती बदलते, दातेरी नक्षी लाटांत झिजते, शिकारी माशाच्या पोटातल्या आम्लाने गुळगुळीत होते. अनेक कुळांत पिल्लांचे खडे तर इतके सारखे असतात की त्यांवरून नाव ठेवणे हा उतावळेपणाच. चपट्या माशांत डावा आणि उजवा खडाही अनेकदा वेगळा दिसतो. म्हणून एका सुबक नमुन्यापेक्षा लहानापासून मोठ्यापर्यंतची मालिका आणि शेजारी आजच्या माशांचे खडे, हाच खरा पुरावा.

पहिला आक्षेप असा की या पद्धतीत नावांचे पीक येते. आक्षेप खरा आहे, पण त्यावरचा उपायही याच विद्येत आहे. 1884 मध्ये जर्मनीच्या एर्न्स्ट कोकेन यांनी उत्तर जर्मनीतल्या ऑलिगोसीन थरांतले कर्णाश्म अभ्यासले, तेव्हा त्यांनी प्रत्येक खड्याला ओढूनताणून एखाद्या ठरावीक वंशात (जीनसमध्ये) कोंबले नाही. ‘ओटोलिथस’ हे सामान्य नाव, त्यापुढे कुळाचा अंदाज आणि मग प्रजातीचे नाव, अशी सोय त्यांनी केली. आपल्याला किती कळले आहे हे नावातच सांगणारी ही पद्धत मला आजच्या कित्येक छातीठोक नावांहून प्रामाणिक वाटते. दुसरा उपाय जुनी नावे पुन्हा तपासण्याचा. त्याचे आपल्याकडचे उदाहरण दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळाचे. हैदराबादजवळच्या रंगापूरचे गोड्या पाण्यातल्या माशांचे कर्णाश्म पुराजीवशास्त्रज्ञ राणा यांनी 1988 मध्ये वर्णिले. 2008 मध्ये नोल्फ, राणा आणि प्रसाद यांनी दख्खनच्या या थरांतल्या कर्णाश्मांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. आधीचा अभ्यासक स्वतःच फेरतपासणीत सामील होता, हे विशेष.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: हाडांवरून एक नाव, खड्यावरून दुसरे, आणि मासा मुळात एकच. खडा जागेवर असलेला सांगाडा सापडला तरच हे कोडे सुटते, आणि असे सांगाडे फार थोडे. पण 2018 मध्ये श्वार्झहान्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की कवटी न फोडता सीटी स्कॅनने आतला खडा पाहता येतो. शिवाय दुहेरी नावांच्या भीतीने खडे बाजूला सारायचे, तर सुटे दातही सारावे लागतील. याच दख्खनी थरांतला नस्कलचा डेक्कनोलेस्टेस हा सस्तन प्राणी 1988 मध्ये सुट्या दातांवरूनच ओळखला गेला. प्राण्याच्या एखाद्या भागावरून प्रजातीला नाव द्यायला आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेचीही आडकाठी नाही.

खरी अडचण मला तिसरीच दिसते. रोहू-कटला आणि शिंगाळ्यासारखे मिशीवाले मासे यांच्यात सॅजिटा बारीक काडीसारखी असते. मोठा खडा दुसऱ्याच जोडीतला, मिशीवाल्यांत लॅपिलस, तर रोहूच्या गणात बहुधा अ‍ॅस्टेरिस्कस. तिथे पन्हळीचे ठोकताळे चालत नाहीत. भारतातल्या नद्यातळ्यांत याच दोन गणांचे मासे भरपूर, तेव्हा त्यांच्यासाठी निराळी कसोटी आणि वयवार जमवलेल्या खड्यांचा निराळा संग्रह लागतो.