माळ, हिरवा ठिपका आणि दूध

डायना रत्नागर यांनी १९७४ साली पुण्यात ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’चं भारतातलं काम सुरू केलं, तेव्हा उजनीचं धरण बांधून व्हायचं होतं. मूळ संस्था इंग्लंडमधली, लेडी म्युरिएल डाउडिंग यांनी १९५९ मध्ये काढलेली. तिचा रोख फरच्या कोटांवर आणि सौंदर्यप्रसाधनांवर. उजनीकाठच्या करमाळा-माढ्याला फरच्या कोटाचं काय कौतुक? पुण्याच्या मंडळींनी मात्र आपल्या घरातल्या वस्तू तपासायला घेतल्या. रेशीम, कातडं आणि मिठाईवरचा चांदीचा वर्ख. हा वर्ख जनावराच्या आतड्यापासून केलेल्या पानांत ठेवून कुटत आणि शाकाहारी माणूस तो बिनघोर खाई. संस्थेनं हे प्रकरण वर्षानुवर्षं लावून धरलं. वर्ख करताना प्राणिजन्य काहीही वापरायचं नाही, असा सरकारी नियम आला तो २०१६ मध्ये.

१९८० साली धरण पूर्ण झालं, भीमा अडली. गावं उठून वर सरकली, मागे ११७ टीएमसीचा यशवंतसागर पसरला. काठावर ऊस आला, पाण्यात रोहू-कटल्याबरोबर चिलापी माजली आणि ‘भिगवण मच्छी’च्या पाट्या हायवेला लागल्या. याच धरणातून आषाढीला पंढरपूरसाठी पाणी सोडतात. त्यामुळे इथं मच्छी आणि वारकऱ्याची तुळशीमाळ एकाच घरात नांदतात. माळकरी सासऱ्याचं ताट आधी होतं. मग परसात तीन दगडांच्या चुलीवर कालवण चढतं आणि वशाटाचं पातेलं घासूनपुसून बाहेरच पालथं पडतं. कुणी कुणाला उपदेश करत नाही. माणसाला मांस सोडायला लावणारी या माळेइतकी जुनी आणि बिनखर्चाची चळवळ दुसरी क्वचितच असेल.

पण माळ दुधापाशी थांबते. एकादशीला दूध चालतं, पंचामृत तर दुधा-दह्याशिवाय होतच नाही. संस्थेनं ज्यासाठी पाठपुरावा केला तो पाकिटावरचा हिरवा ठिपका २००१ मध्ये आला, तोही दुधाला पोटात घेऊनच. इंग्लंडात हाच वाद १९४४ मध्ये झाला होता. दूधही न घेणाऱ्यांना शाकाहारी मंडळाच्या पत्रिकेत वेगळी जागा मिळेना, म्हणून डोनाल्ड वॉटसन यांनी ‘व्हीगन सोसायटी’ काढली. गांधीजींनी तर १९१२ मध्येच दूध सोडलं होतं. पुढे आजारपणात शेळीच्या दुधावर आले आणि ती तडजोड त्यांना कायम सलत राहिली. पुण्याची संस्थाही आता व्हीगन आहाराचाच पुरस्कार करते. माझ्या मते तिचा खरा अवघड टप्पा इथूनच सुरू झाला.

कारण उजनीकाठी दूध म्हणजे दावणीची जर्सी. वासरू आधी आचळाला लावायचं, पान्हा आला की ओढून खुंट्याला बांधायचं. ते मेलंच तर पेंढा भरलेलं कातडं गायीपुढं ठेवायचं, ही जुनी युक्ती. कालवड झाली तर घरात आनंद. खोंड झाला तर पंचाईत, कारण जर्सीचा बैल औताला कामाचा नाही. २०१५ च्या कायद्यानं बैलांच्या कत्तलीवर बंदी आल्यापासून त्याला बाजारही राहिला नाही. दुधाविरुद्ध पुण्यात भाषणं होतात, त्यातलं बरंचसं इथल्या कोणत्याही बाईला गोठ्यात रोज दिसतं.

एका बाबतीत काठावरची माणसं निर्धास्त राहू शकतात. परदेशातले व्हीगन साखरेकडेही संशयानं पाहतात, कारण तिकडे काही ठिकाणी ती हाडांच्या कोळशातून गाळून शुभ्र करत. आपले कारखाने रस चुना आणि गंधकाच्या धुरानं निवळतात. भाकरी, शेंगाचटणी, मटकीची उसळ, ठेचा हे जेवण तर मुळातच व्हीगन. अडतो तो फक्त चहा.

२०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी सरकारनं वेगळे नियम केले आणि हिरव्या ठिपक्यानं जे पोटात घेतलं होतं ते वेगळं काढणारं चिन्हही ठरवलं. ते असलेलं बदामाचं दूध पुण्याच्या मॉलमध्ये मिळतं. उजनीकाठी उसाचं बिल कधी येईल याचा नेम नसतो; तोवर किराणा, शाळेची फी आणि दवाखाना चालतो तो दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारावर.