जलप्रलय, महापूर आणि शेवटचा काळ : बायबलमधील एका प्रतिमेचे मराठी वाचन

नोहाच्या काळातील पुराची कथा शेवटच्या दिवसांचे भाकीत म्हणून वाचण्याची प्रथा ख्रिस्ती परंपरेत फार जुनी आहे. तिचा आधार खुद्द शुभवर्तमानांत सापडतो. मत्तयाच्या 24व्या अध्यायात मनुष्याच्या पुत्राच्या आगमनाची तुलना नोहाच्या दिवसांशी केलेली आहे. मराठी बायबलचा वाचक मात्र या तुलनेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच उत्पत्तीच्या पुस्तकात ‘जलप्रलय’ हा शब्द वाचून आलेला असतो, आणि प्रलय म्हणजे काय हे त्याला पुराणांनी व कीर्तनांनी आधीच सांगितलेले असते. त्यामुळे मूळ कथेत पुढच्या अध्यायांवर आणि पुढच्या ग्रंथांवर सोपविलेली अंताची सूचना मराठीत शब्दाबरोबरच येते. ती सूचना वेगळ्याच अंताची आहे, हा प्रस्तुत विषयातील खरा पेच होय.

हिब्रू बायबलमध्ये नोहाच्या पुरासाठी ‘मब्बूल’ हा शब्द योजला आहे. उत्पत्तीबाहेर तो केवळ 29व्या स्तोत्रात आढळतो. शत्रूचे आक्रमण किंवा राष्ट्राचा नाश पुराच्या रूपकाने सांगताना संदेष्टे बहुधा ‘शेतेफ’ हा लोंढ्याचा अर्थ देणारा शब्द किंवा त्याच धातूची रूपे वापरतात. दानीएलाच्या 9व्या अध्यायात आणि नहूमाच्या पहिल्या अध्यायात तसे आहे. यशयाच्या 8व्या अध्यायात तर अश्शूरचा राजा हाच फरात नदीचे काठ ओलांडणारे पाणी होतो. एक पूर सृष्टिकथेतला, दुसरा इतिहासातला. ग्रीक भाषांतरपरंपरेत मात्र मब्बूल आणि दानीएल-नहूमातील शेतेफ या दोहोंसाठी ‘काटाक्लुस्मोस’ हा एकच शब्द आला, आणि शुभवर्तमानकारांनी नोहाच्या संदर्भात तोच उचलला. दानीएलातील ‘पुराने होणारा अंत’ आणि नोहाचा पूर यांची सांगड घालणाऱ्या भविष्यवादी वाचनाला भाषांतरानेच वाट मोकळी करून दिली, असे म्हणण्यास जागा आहे.

मब्बूल हा साधा पूर नव्हेच. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात ईश्वर वरचे पाणी आणि खालचे पाणी वेगळे करतो. सातव्या अध्यायात खोल जलाशयाचे झरे फुटतात, आकाशाच्या खिडक्या उघडतात आणि ती विभागणी मोडते. निर्मितीच उलटी फिरते. पुराणांच्या पाच लक्षणांपैकी ‘प्रतिसर्ग’, म्हणजे लय आणि पुनर्निर्मिती, याच्याशी या प्रसंगाचे साम्य येथवर निर्विवाद आहे. त्यापुढे वाटा फुटतात. नवव्या अध्यायात असा पूर पुन्हा येणार नाही असा करार होतो आणि धनुष्य त्याची खूण ठरते. घटना पुन्हा घडणार नाही अशी हमी असल्यामुळेच ती भाकीत म्हणून वाचायची तर केवळ पूर्वछाया म्हणून वाचावी लागते. पेत्राचे दुसरे पत्र हेच करते. पूर्वीचे जग पाण्याने बुडाले, आताचे अग्नीसाठी राखले आहे, अशी त्याची मांडणी आहे. लूकही 17व्या अध्यायात नोहाच्या शेजारी लोटाला, म्हणजे पाण्याच्या शेजारी अग्नीला, बसवतो.

पौराणिक क्रम याच्या उलट आहे. विष्णुपुराणातील नैमित्तिक प्रलयात आधी शंभर वर्षांची अनावृष्टी, मग सात सूर्य आणि सर्वदाहक अग्नी, आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे पाऊस. शेवटी एकार्णव उरतो आणि त्यावर शेषशायी विष्णू निद्रिस्त होतो. अग्नी आणि जल ही येथे एकाच घटनेची दोन पावले आहेत. पेत्राच्या पत्रात त्या दोहोंच्या मध्ये मानवाचा सारा इतिहास उभा आहे. प्रकटीकरणाच्या 21व्या अध्यायातील नव्या सृष्टीत तर समुद्रच उरत नाही. एका परंपरेत अंती केवळ समुद्र, दुसरीत समुद्रच नाही. शिवाय मराठी मनाला प्रलय एकमेव वाटण्याचे कारणही नाही. ‘दासबोधा’च्या दहाव्या दशकातील पाचव्या समासात समर्थ पाच प्रळय सांगतात, त्यांत रोजची निद्रा हाही प्रळय आहे आणि विवेकाने होणारा प्रळयही आहे. (12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटल्यावर पुणेकरांनीही प्रलय हाच शब्द वापरला, शब्द किती सैल झाला होता हे त्यावरून दिसते.)

या दोन कल्पनांची गाठ मराठीत प्रथम मोठ्या प्रमाणावर घालून दिली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी. हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यास आला आणि साष्टीत राहिला. 1616 मध्ये रायतूर येथे छापलेले त्याचे ओवीबद्ध काव्य पुढे ‘क्रिस्तपुराण’ म्हणून रूढ झाले. सृष्टीच्या उत्पत्तीपासून निघालेल्या ‘पैलें पुराणा’त नोहाची कथाही येते. ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीकडे, जुनी पुराणे सोडावी लागल्यावर त्यांच्या जागी काही वाचावयास मिळावे, अशी मागणी करतो. ही मागणी गंभीरपणे घेतली पाहिजे. ज्यांची देवळे 1560 नंतरच्या दशकांत पाडली गेली, ज्यांनी 1583 चे कुंकळ्ळीचे बंड आणि त्याची परिणती पाहिली, त्या श्रोत्यांना ‘जुने जग बुडाले, मोजकेच तरले’ ही कथा केवळ दूरच्या देशातली वाटली असेल असे मानणे कठीण आहे. त्यांच्यासाठी पूर भविष्यात नव्हता. तो येऊन गेला होता. तारखा मोजणारे वाचन अशा श्रोत्यांसाठी गैरलागू ठरते. तसे ते मत्तयाच्या त्या अध्यायाशीही विसंगतच आहे, कारण तो दिवस व ती घटका कोणासही ठाऊक नाही हे वचन नोहाच्या उल्लेखाच्या अगदी आधी येते. तुलनेचा भर पाण्यावर नसून खाण्यापिण्यात व लग्नकार्यांत गुंतलेल्या लोकांच्या बेसावधपणावर आहे.

गोव्यात 1684 च्या फर्मानाने स्थानिक भाषांवरच बंदी आली. पुराण टिकले ते हस्तलिखितांत. जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूरला काढलेली आवृत्ती आणि शांताराम बंडेलू यांची 1956 ची पुण्याची देवनागरी आवृत्ती यांमुळे ते पुन्हा अभ्यासकांपुढे आले.

‘प्रलय’ शब्दाने अर्थ वळवला, तसा ‘तारू’ शब्दाने तो वाढवलाही. हिब्रूत नोहाचे जहाज आणि मोशेची लव्हाळ्याची पेटी यांना ‘तेवा’ हा एकच शब्द आहे. मराठी बायबलमध्ये जहाज ‘तारू’ झाले आणि मोशेशी असलेला दुवा तुटला. पण मराठीत तारू म्हणताच तरणे, तारणे आणि भवसागर पार करवणारे संतांचे तारू आठवते. ख्रिस्ती मराठीतील ‘तारण’ व ‘तारणारा’ हे शब्दही त्याच कुळातले. पेत्राचे पहिले पत्र नोहाच्या जहाजावरून बाप्तिस्म्याने होणाऱ्या तारणाकडे वळते, तेव्हा ग्रीकमध्ये युक्तिवादाने साधलेली ती जोडणी मराठी कानाला शब्दातच ऐकू येते.