यीस्टमधील अधिजनुकीय नियंत्रण

डीएनएचा क्रम न बदलता जनुकाची चालू वा बंद स्थिती संततिकोशिकांत टिकविणारी यंत्रणा. डी. ई. गॉट्‌श्लिंग व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये पावाच्या यीस्टमधील एडीई२ हे जनुक गुणसूत्राच्या टोकाजवळ बसविले. ते चालू असल्यास वसाहत पांढरी, बंद असल्यास साचलेल्या रंगद्रव्यामुळे तांबडी दिसते. प्रत्यक्षात एकाच वसाहतीत तांबड्या-पांढऱ्या पाचरी उमटल्या. म्हणजे समान जनुके असलेल्या कोशिकांत दोन्ही स्थिती कित्येक पिढ्या टिकतात व क्वचितच पालटतात. उत्परिवर्तन इतके सहज उलटत नाही. सर२ हे एंझाइम हिस्टोन प्रथिनांवरील ॲसिटिल गट काढते. तेथे सर३ व सर४ प्रथिने बांधली जाऊन जनुक दबते. सस्तन प्राण्यांतील डीएनएचे मिथिलीकरण या यीस्टमध्ये नाही. तरीही स्थितीचा वारसा चालतो, हे विशेष लक्षणीय आहे.