विद्यार्थ्याचे पहिले क्रेडिट कार्ड : निवड आणि खात्यावरची नजर

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हा धडा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या गिरवला गेला आहे. भिलाईतील मराठी कुटुंबेही त्याला अपवाद नाहीत. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून येथील पोलाद कारखाना आकारास आला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांची वसाहत उभी राहिली आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. ठरल्या तारखेचा पगार, भविष्य निर्वाह निधी आणि मुदत ठेव यांवर या घरांची आर्थिक घडी बसली.

या वसाहतीतील सेक्टर १० मध्ये कारखान्याची वरिष्ठ माध्यमिक शाळा आहे. बारावीनंतर या परिसरातील मुले-मुली कोणी दुर्ग-रायपूरला, कोणी नागपूर-पुण्याला शिकावयास जातात. २०१६ मध्ये भिलाई आयआयटी सुरू झाल्याने बाहेरगावची मुलेही येथे येऊ लागली. परगावी राहणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेचे शुल्क, पुस्तके, रेल्वेचे तिकीट यांसाठी ऑनलाइन पैसे भरावे लागतात. अशा वेळी घरात क्रेडिट कार्डाचा विषय निघतो आणि पालकांच्या मनात धास्ती निर्माण होते. ही धास्ती अनाठायी नाही. मात्र तिचे उत्तर कार्ड नाकारण्यात असतेच असे नाही. योग्य कार्ड निवडून त्याच्या खात्यावर सतत नजर ठेवण्यात ते अनेकदा सापडते.

कार्ड कोणत्या मार्गाने मिळते?

अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत व्यक्ती कायद्याने करार करण्यास पात्र नसते. त्यामुळे स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्ड त्यानंतरच मिळू शकते. स्वतंत्र उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्यापुढे सामान्यतः दोन मार्ग असतात.

पहिला मार्ग पालकांच्या कार्डावरील पूरक कार्डाचा. खर्च विद्यार्थी करतो. परंतु बँकेला देणे लागतो तो मूळ कार्डधारक. दुसरा मार्ग मुदत ठेवीच्या तारणावरील कार्डाचा. विद्यार्थ्याच्या नावे ठेव ठेवली जाते आणि तिच्या ठरावीक प्रमाणात पतमर्यादा मंजूर होते. ठेवीवर व्याज मिळत राहते; मात्र कार्ड चालू असेपर्यंत ती मोडता येत नाही आणि थकबाकी राहिल्यास बँक ती ठेवीतून वसूल करू शकते. या दुसऱ्या मार्गात व्यवहारांची नोंद विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावे पतमाहिती कंपनीकडे होते. पुढे शैक्षणिक वा गृहकर्ज घेताना हीच नोंद पाहिली जाते. वेळेवर फेड केल्यास ती उपयोगी पडते, हयगय केल्यास आड येते.

ऑनलाइन खाते कसे पारखावे?

कार्डाच्या जाहिरातीत सवलती, बक्षीस गुण आणि चित्रपटाची तिकिटे ठळकपणे मांडलेली असतात. विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे नेट बँकिंग व मोबाइल अ‍ॅपवर खाते किती स्पष्ट दिसते आणि किती हाताळता येते. अर्ज करण्यापूर्वी पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात.

झालेला व्यवहार खात्यात त्वरित दिसतो काय? रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयशी जोडण्याची सोय २०२२ पासून उपलब्ध झाली. त्यामुळे चहा-नाश्त्याचे किरकोळ खर्चही कार्डाच्या बिलात जमा होऊ शकतात. बिल येण्यापूर्वीच आजवरचा एकूण खर्च एका ठिकाणी दिसला, तर हात वेळीच आवरता येतो.

व्यवहारांचे प्रकार स्वतः चालू-बंद करता येतात काय? रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवे कार्ड सुरुवातीस केवळ देशातील एटीएम व दुकानांतील यंत्रांवर चालावे, ऑनलाइन, परदेशी आणि स्पर्शविरहित व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करावेत, अशी योजना झाली. प्रत्येक प्रकारासाठी मर्यादा ठरविण्याची सोयही अहोरात्र देण्यास सांगण्यात आले. परदेशी परीक्षेचे शुल्क भरण्यापुरता तो व्यवहार सुरू करून नंतर बंद करणे, ही सवय विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

दरमहा आपोआप वळत्या होणाऱ्या रकमांची यादी दिसते काय? चित्रपट, संगीत वा अभ्यासाच्या अ‍ॅपची वर्गणी एकदा मंजूर केली की विस्मरणात जाते. अशा वर्गणीची रक्कम वळती होण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना देण्याची व्यवस्था रिझर्व्ह बँकेने घालून दिली. खात्यातून ती वर्गणी थांबविता येते काय, हेही पाहून ठेवावे.

याखेरीज, बचत खात्यातून संपूर्ण बिल आपोआप भरण्याची सोय आहे काय, याची चौकशी करावी. सूचना देताना ‘संपूर्ण देय रक्कम’ हा पर्याय निवडला आहे याची खात्री करावी आणि त्या तारखेला बचत खात्यात पुरेशी शिल्लक ठेवावी.

‘किमान देय रक्कम’ : एक हिशेब

विवरणपत्रात दोन आकडे असतात : एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. किमान रक्कम भरली म्हणजे बिल भागले, हा समज महाग पडतो. समजा, बिल १०,००० रुपयांचे असून किमान रक्कम ५०० रुपये आहे. विद्यार्थ्याने तेवढीच भरली. ९,५०० रुपये शिल्लक राहिले. दरमहा ३.५ टक्के दराने त्यावर ३३२ रुपये ५० पैसे व्याज आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी ५९ रुपये ८५ पैसे, असा ३९२ रुपये ३५ पैशांचा बोजा पडतो. म्हणजे ५०० रुपये भरूनही देणे महिनाभरात केवळ १०७ रुपये ६५ पैशांनी कमी होते. प्रत्यक्षात व्याज सामान्यतः खरेदीच्या तारखेपासून आकारले जात असल्याने रक्कम याहून अधिक भरते. नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही सहसा थांबते.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवरील व्याजाला वार्षिक ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. त्यामुळे व्याजाचा वार्षिक दर अर्जापूर्वी वाचून घेणे ही ग्राहकाचीच दक्षता ठरते.

चूक वा फसवणूक झाल्यास

चांगल्या ऑनलाइन खात्याची खरी कसोटी अडचणीच्या वेळी लागते. कार्ड हरवल्यास अ‍ॅपमधून तत्काळ बंद करता यावे, अनोळखी व्यवहाराविरुद्ध तेथूनच तक्रार नोंदविता यावी आणि तक्रारीचा क्रमांक हाती यावा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात या संदर्भात वेळेला मोठे महत्त्व दिले. बँक व ग्राहक या दोहोंचा दोष नसलेल्या अनधिकृत व्यवहाराची सूचना तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर भुर्दंड पडू नये, असे त्यात नमूद होते. मात्र ओटीपी वा पिन ग्राहकानेच दुसऱ्यास सांगितला असेल, तर बँकेस कळवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. म्हणून मोबाइलवरील प्रत्येक संदेश वाचावा. फसवणूक झाल्यास बँकेबरोबरच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावरही विलंब न लावता कळवावे.

कार्ड बंद करणे

शिक्षण संपल्यावर कार्ड नकोसे झाले, तर ते ड्रॉवरमध्ये टाकून देऊ नये. वार्षिक शुल्क आकारले जाऊन थकबाकी निर्माण होऊ शकते. २०२२ च्या निर्देशांनुसार, काही देणे शिल्लक नसल्यास बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण व्हावी, अन्यथा विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी ग्राहकास ५०० रुपये द्यावेत, असे ठरले. कार्ड बंद झाल्याची पोच जपून ठेवावी आणि तारण ठेव मोकळी झाल्याची खात्री करावी.

परगावी शिकणारे मूल आणि सेक्टर १० मधील त्याचे आई-वडील यांनी महिन्यातून एकदा, विवरणपत्र आल्यावर, फोनवर ते मिळून वाचावे. पासवर्ड मात्र ज्याचा त्याच्यापाशीच राहावा. कोणता खर्च गरजेचा होता आणि कोणता टाळता आला असता, एवढे बोलणे पुरेसे आहे. अंथरुणाची लांबी आता कपाटातल्या वहीऐवजी मोबाइलच्या पडद्यावर दिसते. पाय पसरण्यापूर्वी ती पाहण्याची सवय मुलांच्या अंगी बाणली, तर पहिले कार्ड कर्जाची सुरुवात न ठरता पत मिळविण्याची सुरुवात ठरेल.