एका सेंटच्या पत्राचं दप्तर

१९६०च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क शहराच्या खजिनदाराकडे एक धनादेश परत आला. रक्कम होती ३,५७९ डॉलर ३९ सेंट. क्रिस्टी स्ट्रीटवरचं एक घर शहराने भुयारी रेल्वेच्या कामासाठी ताब्यात घेतलं होतं. भरपाई म्हणून ६८,७०० डॉलर ठरले आणि त्यावर हे व्याज. घरमालकांनी मुद्दल ठेवून घेतलं, व्याज तेवढं परत केलं. पैशाने पैसा वाढवणं आम्हाला मान्य नाही, असं सोबतच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, आणि ते पत्र त्यांनी आपल्या वर्तमानपत्रात छापलंही. शहराच्या हिशेबनिसाने ही रक्कम कोणत्या खात्यात टाकली असेल, याचं मला आजही कुतूहल वाटतं.

घर होतं ‘कॅथलिक वर्कर’ चळवळीचं, पत्रावर सही होती डोरोथी डे यांची. या बाई मूळच्या डाव्या वर्तमानपत्रांतल्या पत्रकार. मुलगी झाल्यानंतर, १९२७ साली त्या कॅथलिक झाल्या. मात्र संप, मोर्चे आणि तुरुंग यांच्याशी असलेलं नातं त्यांनी सोडलं नाही. पीटर मॉरिन नावाचा फ्रान्सहून आलेला एक शेतकरी-तत्त्वज्ञ त्यांना भेटला आणि म्हणाला, वर्तमानपत्र काढा, बेघरांसाठी घरं उघडा, शेतीवर वस्त्या करा. महामंदी ऐन भरात होती. १ मे १९३३ला युनियन स्क्वेअरमधल्या कामगारांच्या गर्दीत त्यांच्या वर्तमानपत्राचा पहिला अंक विकायला निघाला. प्रती २,५००, छपाईचा खर्च ५७ डॉलर, किंमत एक सेंट. ती किंमत पुढे कधीच वाढली नाही.

मग गंमत झाली. बेघरांना घरात घ्यावं असं पत्रात छापून येऊ लागलं, आणि बेघर माणसं सरळ कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहिली. छापलेलं खरं करण्यावाचून इलाज उरला नाही. भाड्याच्या खोल्या आल्या, सुपाची पातेली आली, पहाटेच्या कॉफी-पावाच्या रांगा लागल्या. काही वर्षांतच खप दीड लाखांवर गेला. दुसऱ्या महायुद्धात मात्र पत्राने युद्धाला ठाम नकार दिला आणि खप सुमारे ५०,०००वर घसरला. आपल्या मतापायी इतके वाचक घालवणारं संपादक मंडळ मला दुसरं आठवत नाही. अहिंसेच्या याच ओढीतून फेब्रुवारी १९४८च्या अंकात या पत्राने गांधीजींचा मृत्युलेख छापला होता.

या सगळ्या उलाढालीचे कागद आज मिलवॉकी शहरातल्या मार्क्वेट विद्यापीठात आहेत. विल्यम मिलर नावाच्या तिथल्या इतिहासाच्या प्राध्यापकाच्या पुढाकाराने १९६२ साली त्यांची साठवण सुरू झाली. तेव्हा डोरोथीबाई हयात होत्या, पत्र चालू होतं, रोजच्या रांगाही चालू होत्या. म्हणजे नदी वाहत असतानाच तिचं पाणी बाटलीत भरायला सुरुवात झाली. पत्रव्यवहार, हस्तलिखितं, छायाचित्रं, ध्वनिफिती, अंक, गावोगावच्या घरांची कागदपत्रं, सगळं एका छपराखाली आलं.

दप्तरखान्याचा एक जुना नियम मला फार आवडतो: कागद ज्याने जमवले त्याचेच एकत्र ठेवायचे, आणि शक्यतो त्याने लावलेल्या क्रमानेच. ग्रंथालयातली पुस्तकं विषयवार लागतात, दप्तर तसं लागत नाही. त्यामुळे एखाद्या बिशपच्या पत्राशेजारी भाडं थकल्याची तक्रार सापडू शकते, आणि ती शेजार-संगतच इतिहासकाराला सोन्यासारखी असते. ती मोडून कागद विषयवार लावले, तर सगळं नीटनेटकं दिसेल आणि निम्मा अर्थ नाहीसा होईल.

अडचण वेगळीच आहे. एका सेंटचं पत्र स्वस्त न्यूजप्रिंटवर छापलं जाणार हे उघड आहे. असा कागद लाकडाच्या दळलेल्या लगद्यापासून होतो. त्यात लिग्निन शिल्लक राहतं, उजेड आणि हवेने ते बदलत जातं, आम्ल वाढतं, पान आधी पिवळं पडतं आणि मग घडीवर तुटतं. वाचून शेजाऱ्याच्या हाती द्यायला छापलेली वस्तू शतकभर टिकवणं म्हणूनच सगळ्यात जिकिरीचं. आम्लरहित फोल्डर, थंड कोरडी खोली, मायक्रोफिल्म, असा सगळा लवाजमा लागतो. पण टिकलेल्या अंकांतून बरंच कळतं. या पत्राच्या मथळ्याचं चित्र ॲडे बेथ्यून या तरुण चित्रकर्तीने काढलं होतं. दोन कामगार, एक काळा आणि एक गोरा, मध्ये ख्रिस्त. १९८५ साली तिनेच त्यातल्या एका कामगाराच्या जागी कष्टकरी स्त्री आणली. जुने-नवे अंक शेजारी ठेवले तर हा बदल एका नजरेत दिसतो.

चळवळीतले हे लोक सरकारच्या कागदोपत्री मात्र जवळजवळ नव्हतेच. धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी केली नाही, करसवलत मागितली नाही. भुकेल्याला वाढायला सरकारचा शिक्का कशाला, हा त्यांचा सवाल होता. १९७२ साली करखात्याने २,९६,३५९ डॉलरची मागणी पाठवली. वर्तमानपत्रांतून ओरड झाल्यावर ती गुपचूप मागे घेण्यात आली. तिकडे एफबीआयने डोरोथीबाईंवर शेकडो पानांची फाइल साठवली होती. त्या कम्युनिस्ट आहेत, संत आहेत की नुसत्याच विक्षिप्त आहेत, याचा एफबीआयप्रमुख हूवर साहेबांच्या माणसांना काही उलगडा होत नव्हता. ज्यांनी आपली नोंद करायचं नाकारलं, त्यांची नोंद सरकारनेच इमानेइतबारे ठेवली.

बाईंच्या रोजनिशाही मार्क्वेटमध्येच होत्या, पण कुलूपबंद. मृत्यूनंतर २५ वर्षं त्या कुणाला दाखवायच्या नाहीत अशी अट होती. बाई १९८०च्या नोव्हेंबरात गेल्या, आणि रोजनिशा २००८ साली रॉबर्ट एल्सबर्ग यांच्या संपादनाखाली पुस्तकरूपाने आल्या. त्यांत प्रार्थना आहे, नातवंडं आहेत, थकवा आहे आणि माणसांवरची चिडचिडही आहे. अखंड गर्दीत राहणारी बाई एकटेपणाबद्दल लिहिते, तेव्हा ती उपदेश करत नाही, हा मला या रोजनिशांचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

आता रोममध्ये त्यांना संतपद देण्याचा विचार चालू आहे. त्यासाठी स्वयंसेवकांनी हस्तलिखितं बसून टंकित केली, आणि २०२१च्या अखेरीस सुमारे ५०,००० पानं व्हॅटिकनकडे रवाना झाली. चळवळीला आजही मुख्यालय नाही. शंभराहून अधिक घरं आपापली स्वतंत्र चालतात. रोमच्या तपासनिसांना मात्र या पन्नास हजार पानांतून एकट्या डोरोथीबाईंचं पुण्य वेगळं काढायचं आहे, आणि सूप ढवळणारे हात तर तिथे पानोपानी भेटतात.