मोर्चा परतल्यानंतर

11 मार्च 2018. रविवार होता. नाशिकहून 6 तारखेला निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईत शीवजवळच्या सोमय्या मैदानावर येऊन टेकला होता. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर. सकाळी मोर्चा आझाद मैदानाकडे निघाला तर रस्ते तुंबतील, पोरांचा पेपर बुडेल, म्हणून रात्रीच चालायचं ठरलं. सहा दिवसांत सुमारे 180 किलोमीटर तुडवून आलेली ती माणसं मध्यरात्र उलटल्यावर पुन्हा उठली. कुणाच्या तळपायाची सालपटं निघाली होती, कुणी तुटक्या चपलेला चिंधी गुंडाळली होती. उजाडायच्या आत ती आझाद मैदानात जाऊन बसली. ज्या शहराला त्यांची गावं नकाशावर दाखवता आली नसती, त्या शहरानं त्यांना पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या.

गर्दीचे आकडे तीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत सांगितले गेले. आकड्यापेक्षा मला ती रात्रीची चाल मोठी वाटते. हजारो दमलेल्या माणसांनी दुसऱ्याच्या पोरांसाठी एक रात्र झोप सोडायची, हे वरून हुकूम सोडून होत नाही. तळातल्या आंदोलनाचं सगळ्यात मोठं बळ ते हेच. एरवी तलाठ्यासमोर बोलताना चाचरणारा माणूस तिथे दुसऱ्याचा विचार करणारा नागरिक होतो. निवडणुकीच्या सभेत त्याची गर्दी होते, मोर्चात त्याला मत असतं.

12 तारखेला संध्याकाळपर्यंत सरकारनं बहुतेक मागण्या लेखी मान्य केल्या. वनहक्काचे प्रलंबित दावे सहा महिन्यांत निकाली काढू, असं त्यात होतं. परतीला भुसावळकडे खास गाड्या सोडल्या. गुलाल उडाला, माणसं घरी गेली.

आणि 20 फेब्रुवारी 2019 ला त्याच नाशिकहून मोर्चा पुन्हा निघाला. या वेळी दुसऱ्याच दिवशी नवं लेखी आश्वासन मिळालं आणि तो परतला. मार्च 2023 मध्ये दिंडोरीहून परत निघाला, वाशिंदपर्यंत आला, तिथे मुक्काम पडला. त्या मुक्कामात एका शेतकऱ्याचा जीव गेला. मागण्यांत वनजमीन होतीच.

पाच वर्षांत तीनदा एकाच रस्त्यावर उतरावं लागतं, तेव्हा सरकारचा कोडगेपणा दिसतोच. त्याच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे आणि ते खरं आहे. मला या लेखात आपल्या बाजूला काय कमी पडतं ते पाहायचं आहे. मोर्चा कसा काढायचा हे आपल्याला शंभर वर्षं येतं. मोर्चा परतल्यानंतर काय करायचं, याची तयारी मात्र फार थोड्या आंदोलनांनी केली.

वनहक्काचंच घ्या. 2006 चा कायदा सांगतो की 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. दावा आधी ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे, मग उपविभागीय समितीकडे, मग जिल्हा समितीकडे जातो. पुरावा म्हणून जुन्या दंडाच्या पावत्या, गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब, स्थळपाहणीचा पंचनामा, मोजणीचा नकाशा. एकेका दाव्याचं बाड हातभर होतं. वरच्या समितीनं दावा फेटाळला तर साठ दिवसांत अपील करायचं असतं. मंत्रालयातल्या बैठकीत यातलं काहीच होत नाही. ते तालुक्याच्या ठिकाणी, एका टेबलावर, एकेका फाइलीत होतं. मोर्चात पन्नास हजार पावलं एकत्र पडतात. त्या टेबलासमोर बाई एकटीच उभी असते, प्लॅस्टिकच्या पिशवीत पावत्या घेऊन.

हे मी लांबून सांगत नाही. आमच्या गावात पिण्याच्या पाण्याच्या योजनेसाठी रास्ता रोको झाला, तेव्हा मी डांबरावर बसलो होतो. वैशाखातलं ऊन. बायका रिकामे हंडे घेऊन पुढे, पुरुष मागे झाडाच्या सावलीला. दुपारी साहेब आले. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी लिहून दिलं, की तीन महिन्यांत काम सुरू करण्यात येईल. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, रस्ता मोकळा झाला. दोन वर्षांनी तो कागद शोधायला गेलो तर तो ज्याच्या खिशात गेला होता तो कामासाठी शहरात निघून गेलेला. दुसरी प्रत कुणी काढली नव्हती. कार्यालयात विचारलं, तर आवक-जावक रजिस्टरमध्ये अशा पत्राची नोंदच नव्हती. साहेबांची बदली झाली होती. त्या बायकांनी पुढे आणखी चार उन्हाळे पाणी वाहिलं. साहेबांशी बोलायला गेलेल्या पाच जणांत हंडा वाहणारी एकही नव्हती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

उन्हात कोण बसलं आणि बोलणी कुणी केली, हा प्रश्न मुळशीपासूनचा आहे.

16 एप्रिल 1921, रामनवमी. मुंबईच्या वीजपुरवठ्यासाठी टाटा कंपनी मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर धरण बांधत होती. मावळातली पन्नासेक गावं पाण्याखाली जाणार होती. त्या दिवशी शेकडो मावळे बायकापोरांसह धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबलं. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे ही मंडळी पुढे होती. ‘जान किंवा जमीन’ ही प्रतिज्ञा होती. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकाला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन असंच नाव दिलं. काही महिन्यांसाठी काम स्थगितही झालं. इथवर ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो.

पुढची कमी सांगतो. मावळातली बरीच जमीन पुण्यातल्या सावकारांकडे होती, नाहीतर त्यांच्याकडे गहाण पडलेली. मोबदल्याचा आकडा दिसू लागला तसा सावकार आणि मावळा यांचा मार्ग वेगळा झाला. सावकाराला पैसा घेऊन सुटता येत होतं. मावळ्याला जमीन गेली की काहीच उरत नव्हतं. पुण्यातल्या पुढाऱ्यांतही मग दोन मतं झाली. लढा लढायचा मावळ्यांनी आणि तडजोड ठरायची पुण्यात, अशी वाटणी झाली की आंदोलनाचा कणा मोडतो. एकटे पडलेले बापट शेवटी शांततेची वाट सोडून हत्याराकडे वळले. आगगाडी अडवून गोळीबार केल्याबद्दल 1924 नंतर त्यांना सात वर्षं तुरुंगवास झाला आणि सत्याग्रह तिथेच संपला. बापटांच्या त्यागाबद्दल मला अपार आदर आहे. तरीही सांगतो, एका माणसानं जिवावर उदार होणं हा हजारो कुटुंबांच्या संघटनेला पर्याय होत नाही. मुळशीचं धरण झालं. त्याचं पाणी आजही बोगद्यानं सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं.

तिथून दहाएक वर्षांनी, अलिबागजवळच्या चरी गावात, याच्या अगदी उलट घडलं. 27 ऑक्टोबर 1933 ला नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानं कुळांनी ठरवलं, की खोताची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकाची, जमीन पेरायचीच नाही. चरी आणि आसपासची, मिळून पंचवीस गावं. भाताच्या मुलखात भात लावायचं नाही म्हणजे काय, हे खारेपाटात राहिलेल्यालाच कळेल. सहा वर्षं शेतं ओस पडली. माणसांनी जंगलातला लाकूडफाटा विकला, खाडीतले मासे-खेकडे धरले, मजुरीला बाहेर गेली, पण संप मोडला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाठीशी उभे राहिले. 1937 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला.

चरी का टिकलं आणि मुळशी का नाही? माझं उत्तर असं, की चरीत तोटा सोसणारा आणि निर्णय घेणारा एकच होता. ज्याचं शेत ओस पडलं त्यानंच बैठकीत हात वर केला होता, म्हणून त्याच्या पाठीमागे जाऊन परस्पर मिटवायला कुणाला जागा नव्हती. शिवाय रस्त्यावरची लढाई आणि विधिमंडळातलं विधेयक ही दोन्ही एकाच वेळी चालली. चळवळीतल्या पुष्कळांना कायदेमंडळाचा विटाळ वाटतो, तो चरीच्या कुळांना वाटला नाही. तरीही खोती नष्ट करणारा कायदा व्हायला 1949 उजाडलं. पहिल्या ठरावापासून सोळा वर्षं. आंदोलनाचा हिशेब महिन्यांत मांडणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

उलट बाजूला 1982 चा गिरणी संप आहे. 18 जानेवारीला सुमारे अडीच लाख कामगार कामगारनेते दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले. इतकी एकजूट मुंबईनं क्वचितच पाहिली. पण माघार कुठे घ्यायची, किती मिळालं की थांबायचं, हे ठरवणारी जागाच त्या रचनेत नव्हती. सगळं एका माणसाच्या शब्दावर होतं. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरणगावातल्या कितीतरी घरांत तो अजून संपलेला नाही.

माझ्या पाहण्यातली एक लढाई मात्र कागद आणि माणसं दोन्ही सांभाळून लढली गेली, ती रायगडची. पेण, उरण, पनवेल तालुक्यांतल्या पंचेचाळीस गावांची जमीन महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, घ्यायचं घाटत होतं. एन. डी. पाटील, उल्का महाजन आणि त्यांच्याबरोबर गावोगावचे शेतकरी उभे राहिले. 21 सप्टेंबर 2008 ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत सरकारनं जनमत घेतलं. देशात सेझसाठी असं मतदान त्याआधी झालं नव्हतं. त्याचा निकाल अधिकृतपणे जाहीर झाला नाही. पण शेतकऱ्यांनी दिवस मोजले होते. भूसंपादनाच्या जुन्या कायद्यात घोषणेनंतर दोन वर्षांत निवाडा झाला नाही तर संपादन आपोआप रद्द होतं, हे त्यांना पाठ झालं होतं. तोवर जमीन द्यायची नाही, हरकती नोंदवत राहायच्या आणि प्रत्येक कागदाची पोच घ्यायची. जून 2009 मध्ये मुदत संपली. जमीन राहिली.

आणि मेंढा-लेखा. गडचिरोलीतलं पाचशेच्या आतबाहेर वस्तीचं गोंड गाव. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपाळपट्टणम धरणांविरुद्धच्या लढ्यात ते उतरलं होतं. धरणं थांबली, तेव्हा बहुतेक गावं आपापल्या कामाला लागली. मेंढा बसून राहिलं, अगदी शब्दशः. तिथे अभ्यासगट सुरू झाला. जंगल कायदा काय म्हणतो, वन खात्याच्या फाइलीत आपल्या जंगलाबद्दल काय लिहिलंय, हे गावकरी एकत्र बसून समजून घेऊ लागले. देवाजी तोफा गावातले, मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून आलेले सोबती. अभ्यासगटात चर्चा व्हायची, निर्णय मात्र ग्रामसभेत आणि तोही सर्वांच्या सहमतीनं. एकाचा विरोध असला तरी थांबायचं. हे फार हळू चालतं, बाहेरच्याला कंटाळा येईल इतकं हळू. त्या हळूपणातून 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा मोर्चासाठी केलेली नव्हती. ती कारभाराची रीत होती.

लाँग मार्चच्या गावांतही असं काम करणारे कार्यकर्ते आहेत. रात्री कंदिलाच्या उजेडात दावे भरून देणारे, अपिलाची तारीख लक्षात ठेवणारे. त्यांचे फोटो छापून येत नाहीत आणि त्यांना मानधनही नसतं. आपण मोर्चाला पाणी देतो, या माणसांना एस.टी.चं भाडंही देत नाही. चळवळींना मदत करू इच्छिणाऱ्या शहरातल्या वाचकांनी आधी इथे हात द्यावा.

आणि ज्यांच्या गावात गेल्या दहा वर्षांत एखादं उपोषण, धरणं, रास्ता रोको झाला असेल, त्यांनी या दिवाळीला घरी गेल्यावर एक काम करावं. त्या वेळी मिळालेलं लेखी आश्वासन कुणाकडे आहे ते शोधावं. सापडलं तर त्याच्या चार प्रती काढून एक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी. नाही सापडलं, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करून कार्यालयातली प्रत मागावी. अर्जाला दहा रुपये लागतात, आणि उत्तर तीस दिवसांत यायला हवं.